दामाजीपंतांचे कोठार आणि नोकरीतला घात



श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, अखेरीस, अर्जुनाने भगवंतांना एक प्रश्न विचारला आहे. माणसाची इच्छा नसते, पाप वाईट हे त्याला पुरते ठाऊक असते, तरी मागून कोणी जबरीने लोटावे तसा तो पाप करून बसतो. तर हा लोटणारा कोण? कीर्तनात हा प्रश्न निघाला की आपण माना डोलावतो आणि घरी जाताना समजतो की तो कुरुक्षेत्रावरचा. कुरुक्षेत्रावरचा तो खराच. परंतु सकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवून कामाला लागणाऱ्या माणसाचाही तोच प्रश्न आहे. आज वारकऱ्यांत शेतकऱ्यांच्या जोडीला नोकरदार किती वाढले आहेत पाहा. आषाढीला रजा काढून चालणारे, रजा मिळाली नाही म्हणून एखादा मुक्काम तरी चालून परतणारे, एकादशीचा उपवास धरून रात्रपाळी करणारे. यास्तव या महिन्याच्या अभ्यासाला विषय घेतला आहे तो हा, की माणूस नोकरीत घात का करतो.

घात म्हणजे केवळ चोरी नव्हे. ज्याचे अन्न खातो त्याच्या कामाचा, शेजारी राबणाऱ्या सोबत्याचा, किंवा ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या गिऱ्हाइकाचा जाणूनबुजून केलेला तोटा, तो घात. पैसा खाणे त्यात आले, माल काढणे आले, खोटी हजेरी आली. मुद्दाम हात संथ चालवणे, यंत्र बिघडते आहे हे दिसत असून बिघडू देणे, हाताखालच्याला छळणे, वरच्याच्या कानाशी लागणे, हेही आले. आणि समोर चाललेले पाहून गप्प राहणे, हेही मी यातच धरतो. काही जणांना हे कडक वाटेल, वाटू द्या.

भगवंतांनी अर्जुनाला उत्तर दिले ते काम आणि क्रोध. उत्तर पूर्ण आहे, पण ते बीजरूप आहे. पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला, त्यात कारणाचे प्रकार सांगितले आहेत. मडक्याचे समवायी कारण माती, निमित्त कारण कुंभार, त्याचे चाक, दांडा. (मधले असमवायी कारण विद्यार्थ्यांना रडवते, ते इथे बाजूला ठेवू.) आता लोभ ही माती. माती तर गावभर पसरली आहे, तुमच्या माझ्या अंगणातही आहे; मग मडके एकाच घरी का तयार होते? माणसात लोभ आहे म्हणून त्याने चोरी केली, एवढे बोलून थांबणे म्हणजे माती आहे म्हणून मडके झाले असे म्हणणे. चाक फिरवले कोणी, हे पाहिले पाहिजे.

हा विचार माझ्या मनात घट्ट बसला तो कळंबोलीला. तिथे एका सप्ताहात कीर्तनसेवा घडते. कळंबोली म्हणजे पूर्वीची पनवेलजवळची भातखाचरे. सिडकोने तिथे वसाहत उभी केली, मुंबईतला लोखंड-पोलादाचा बाजार तिथे आणला. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो. रस्त्याला दुतर्फा ट्रेलर उभे, त्यांवर सळ्यांचे भारे, पत्र्यांची वेटोळी, आणि एका बाजूला अन्न महामंडळाची धान्याची गोदामे. कीर्तनाला बसतात ते माथाडी, ड्रायव्हर, क्लीनर, वजनकाट्यावरचे कारकून, पहारेकरी, बँकेत-पतपेढीत बसणारे. मूळ गाव विचारा, तर निम्मे सातारा-सांगलीकडचे निघतात. घरात तुळशीची माळ पिढ्यान्‌पिढ्यांची.

एका रात्री दामाजीपंतांचे आख्यान लावले होते. कीर्तन संपले, बुक्का लावून लोक पांगले, आणि एक पन्नाशीचा ड्रायव्हर मागे राहिला. म्हणाला, "महाराज, एक विचारू का? रागावू नका. दामाजीपंतांनी सरकारचंच धान्य वाटलं ना? मालकाला न विचारता? मग ते संत कसे, आणि आमच्यातला एखादा वाटेत चार सळ्या उतरवतो तो चोर कसा?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. वाटेत ट्रेलर थांबवून सळ्या काढून भंगारवाल्याला विकल्याचे गुन्हे त्या पट्ट्यात पोलिसांनी नोंदवले आहेत, आणि तो ज्या जगात राहतो तिथे हा रोजचा प्रश्न आहे. म्हणून आधी त्याचे उत्तर पाहू.

कथा आपल्याला ठाऊक आहे. पंधराव्या शतकात, बिदरच्या बहामनी सुलतानाच्या अमलात, दामाजीपंत मंगळवेढ्यास अधिकारी होते. दुष्काळ पडला. सरकारी कोठारे भरलेली आणि दाराशी माणसे अन्नावाचून मरताहेत. पंतांनी कोठारे उघडली. त्यांच्या हाताखालच्या मुजुमदाराने बिदरला पत्र धाडले, बादशहाने शिपाई पाठवले, आणि पंतांना धरून नेत असता पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. महिपतीबोवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात हे आख्यान विस्ताराने सांगितले आहे.

आता यातला अर्थ पाहा. पंतांनी कोठार उघडले ते दिवसाढवळ्या, गावासमक्ष. धान्य गेले ते भुकेल्यांच्या पदरात; पंतांच्या माडीवर एक शेरही चढला नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड केली, उंदरांनी खाल्ले असे लिहिले, असे आख्यानात कुठे नाही. शिपाई आले तेव्हा त्यांनी कोठीवाल्याकडे बोट दाखवले नाही, स्वतः निघाले. आणि ज्याकडे आपण नेहमी दुर्लक्ष करतो ते असे, की पांडुरंगाने चमत्कार करून कोठारे पुन्हा भरून टाकली नाहीत, बादशहाची बुद्धी फिरवून हिशेब पुसून टाकला नाही. त्याने पैसे मोजले. रीतसर पावती घेतली. अहो, ज्याने ब्रह्मांड निर्माण केले त्यालाही दुसऱ्याच्या वस्तूचे मोल चुकते करावेसे वाटले! मी त्या ड्रायव्हरला म्हटले, "पंतांनी धान्य गावाला वाटलं बाबा. सळ्या कोणत्या गावाला वाटल्या?"

तो हसला. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. कारणासारखे दिसते पण कारण नव्हे. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली एवढ्यावरून कोणी संत ठरत असेल, तर रावणालाही फुले वाहावी लागतील. जो हेतू संताच्या ठिकाणीही दिसतो आणि चोराच्या ठिकाणीही दिसतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पण तो हसून उठला नाही. थोड्या वेळाने खरे बोलला. एका मालकाकडे त्याचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. माल घेऊन दाराशी गेले की दोन दोन दिवस रांगेत उभे ठेवतात, त्या मुक्कामाचे पैसे नाहीत. वजनात थोडा फरक आला की विचारपूस न करता कापून घेतात. मागायला गेले तर, "परवडत नसेल तर गाडी सोड." म्हणाला, "मग महाराज, जो घेतो तो स्वतःचंच घेतो की नाही?"

श्रोतेहो, माती कोठली आणि चाक कोठले, ते इथे दिसू लागते. या माणसाला लोभी म्हणून मला झटकून टाकता येईना. त्याच्या तोंडचे शेवटचे वाक्य खोटेच आहे, कारण मालकाने बुडवलेला पगार आणि सळ्या ज्याच्या होत्या तो व्यापारी, हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. एकाचा राग दुसऱ्याच्या मालावर निघतो. पण त्या खोट्या वाक्याच्या बुडाशी एक खरे वाक्य आहे, आणि ते ऐकायला कोणी नाही.

अमेरिकेतील जेराल्ड ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९९० साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले, ते इथे सांगण्याजोगे आहे. एका कंपनीचे तीन कारखाने होते. कामे हातची गेली म्हणून त्यांपैकी दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार शेकडा १५ ने कमी केला. एका कारखान्यात वरिष्ठाने सगळ्यांना बोलावून बसवले, पगार का कापावा लागतो ते आकड्यांनिशी सांगितले, खेद व्यक्त केला, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्यात थोडक्यात निर्णय सांगितला आणि सभा उठली. तिसऱ्यात कपात नव्हतीच. पुढे माल नाहीसा होण्याचे प्रमाण मोजले. तिसऱ्यात ते होते तसेच राहिले. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी वाढले. पण जिथे नीट समजावून सांगितले तिथे थोडे, आणि जिथे नुसता हुकूम सुनावला तिथे पुष्कळ. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली. ध्यानात घ्या, दोन्हीकडे पैसे तेवढेच कापले होते. फरक होता तो माणूस म्हणून पुढे बसवून बोलण्याचा.

आपल्या कौटिल्याला हे ठाऊक होते. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी उजेडात आणली आणि १९०९ साली छापली, तेव्हापासून लोक त्यातल्या हेरांच्या गोष्टी चवीने सांगतात. पण त्याच्या पाचव्या अधिकरणात पगाराचा स्वतंत्र अध्याय आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती यांना वर्षाला ४८,००० पण, तेथपासून उतरत सर्वांत खालच्या सेवकाला ६० पण. वरच्या पगाराचे कारण त्याने स्पष्ट दिले आहे: एवढे मिळाले म्हणजे ती माणसे मोहाला बळी पडणार नाहीत आणि चिडणारही नाहीत. लोभ आणि क्रोध दोन्हींचा बंदोबस्त तो पगारात करतो. वरच्यांच्या बाबतीत त्याने जे ओळखले ते ६० पणवाल्यालाही लागू पडावे, असे मला वाटते. पण ते कौटिल्याला विचारायला आता कोण जाणार. धर्मशास्त्रकारांनी मात्र वेतन न देणे हा अठरा विवादपदांपैकी एक मानला आहे, म्हणजे मजुरी बुडवलेल्या मजुराला राजाच्या दाराशी उभे राहण्याचा हक्क होता.

हा हक्क हमालाला आपल्या काळात मिळाला तो १९६९ च्या माथाडी कायद्याने. त्यापूर्वी पाठीवर ओझे वाहणारा माणूस कोणाचा नोकर, हेच ठरत नसे. व्यापारी म्हणे मुकादमाचा, मुकादम म्हणे व्यापाऱ्याचा. पाठ मोडली तर कोणाचाच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केले, आणि कायदा झाल्यावर मंडळे निघाली. कामगाराचे नाव नोंदले गेले. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिधी, उपदान, औषधपाणी त्यातून पाहायचे. लोखंड बाजारालाही असे मंडळ आहे. माथाडी सगळे साधू झाले असे मी म्हणत नाही. त्या नावावर दमदाटी करून पैसे उकळणारेही निघाले आहेत, आणि तोही घातच. पण ज्याचे नाव वहीत आहे त्याला गाऱ्हाणे घेऊन जाण्याला एक दार असते. त्या रात्रीच्या ड्रायव्हरला ते दार नव्हते.

आता दुसरी बाजू. पगार वेळेवर आहे, साहेब बरा आहे, तरीही घात होतो. तो का?

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन पंडिताने तुरुंगात जाऊन, विश्वासाच्या जागेवर असून पैसे खाल्लेल्या कैद्यांशी बोलून, १९५३ साली ग्रंथ लिहिला. त्याला असे आढळले की ही माणसे चोर म्हणून नोकरीला लागली नव्हती. त्यांच्यापुढे पैशाची एक अडचण आली, आणि ती अडचण कोणालाही सांगता येण्याजोगी नव्हती, निदान त्यांना तसे वाटले. आपल्या जागेवरून ती गुपचूप सुटू शकते हे त्यांना दिसले. आणि पैसे उचलण्याच्या आधी, नंतर नव्हे, त्यांनी मनाशी एक वाक्य रचले, की मी चोरी करत नाही, उसने घेतो आहे.

मला यातले 'सांगता येण्याजोगी नव्हती' हे शब्द फार महत्त्वाचे वाटतात. बायकोचे ऑपरेशन असेल तर माणूस चार जणांजवळ बोलतो, पतपेढीत अर्ज करतो, भिशी उचलतो. पण मोबाइलवरच्या जुगारात सहा महिन्यांचा पगार गेला असेल तर? मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर मांडव घातला, आणि गावाला वाटते हा मुंबईला मोठा साहेब आहे, तर? गळ्यात माळ आहे आणि बाहेर भलताच संबंध जडला आहे, तर? ते सांगता येत नाही. आणि खरे बोलायचे तर माळ असली म्हणजे सांगणे अधिकच कठीण होते. दिंडीतले लोक काय म्हणतील! ज्याला 'माउली' म्हणून पाया पडतात त्याला आपले कर्ज कसे सांगता येईल? म्हणजे आपली प्रतिष्ठाच आपल्या गळ्याला फास होते. बाहेर सांगण्याचे दार बंद, आणि समोर तिजोरीचे दार उघडे. मग 'परत ठेवीन' हे वाक्य सुचायला कितीसा वेळ? पहिल्यांदा दोन हजार उचलले ते कदाचित परत ठेवलेही जातात. तेच घातक होते, कारण मग ते वाक्य मनाला खरे वाटू लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी ही उतरण पायरीपायरीने दाखवली आहे. विषयाचे चिंतन, मग आसक्ती, मग काम, त्यातून क्रोध, मग संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, आणि शेवटी बुद्धिनाश. स्मृतीचा भ्रंश म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. हे पैसे कोणाचे, हेच तो विसरतो. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट खात्यांवर कर्जे दाखवल्याचे प्रकरण निघाले, ठेवी अडकल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण पैसे कोणाचे अडकले? निवृत्त शिक्षकांचे, भाजीवाल्यांचे, जमिनीचा मोबदला बँकेत ठेवलेल्या शेतकऱ्यांचे. ठेव विम्याने ५ लाखांपर्यंत हात दिला. ज्याची आयुष्याची पुंजी त्यावर होती त्याचे काय? वहीत आकडा लिहिताना हे चेहरे दिसत नाहीत, ही सोयच घाताला वाट करून देते. कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांना चेहरे दिसत होते. इथे उलटा प्रकार.

संधीविषयी फार लिहीत नाही, कारण लोक तेवढेच बोलतात: कॅमेरे लावा, झडती घ्या. कौटिल्याने सरकारी पैसा खाण्याचे ४० प्रकार मोजले आहेत, आणि मासा व पाणी यांचा दृष्टांत देऊन अधिकारी केव्हा खातो हे पकडणे किती अवघड, तेही सांगितले आहे. पण त्याचा एक उपाय मला झडतीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. एका खात्यावर अनेक प्रमुख असावेत आणि कोणी कायमचा नसावा. मुंबईत फोर्टमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतले प्रकरण जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आले; १३,००० कोटींहून अधिक रकमेचे. ज्या अधिकाऱ्यावर हमीपत्रांचा आरोप आला तो २०१० पासून २०१७ साली निवृत्त होईपर्यंत त्याच शाखेत होता, आणि तो गेल्यावर नव्या माणसाने नेहमीची चौकशी केली तेव्हा पडदा उठला. बदली झाली की आपण रडतो, साहेबांकडे वशिला लावतो. पण बदलीत आपलेही रक्षण आहे. रोज उघड्या तिजोरीसमोर वीस वर्षे बसण्याइतके वैराग्य आपल्यापैकी किती जणांत आहे?

आता त्या मुजुमदाराकडे वळू. आख्यानात तो दोन ओव्यांत येतो आणि जातो, म्हणून आपले लक्ष जात नाही. नियमाने पाहिले तर तो बरोबर होता. सरकारी धान्य हुकमाविना गेले, त्याने वर कळवले. मग कीर्तनकार त्याला खलपुरुष का ठरवतात? कारण परंपरा सांगते की पंतांची जागा आपल्याला मिळावी, ही त्याची इच्छा होती. कागद खरा, हेतू खोटा. कचेऱ्यांत हा घात फार चालतो आणि तो कोणत्याच हिशेबात सापडत नाही. तक्रार करणे आणि चहाडी करणे यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याची खूण एवढीच, की जे वर लिहितो ते त्या माणसाच्या तोंडावर आधी बोललो होतो का. मुजुमदार पंतांकडे जाऊन म्हणाला असता, "पंत, हे आपल्या अंगाशी येईल, मला कळवावे लागेल," तर तोही आख्यानात मानाने आला असता.

क्रोधाचे एवढेच सांगतो की तो पाण्यासारखा उताराकडे वाहतो. मालक मॅनेजरवर ओरडतो, मॅनेजर कारकुनावर, कारकून शिपायावर, आणि शिपाई दाराशी आलेल्या म्हातारीला तासभर उभी ठेवतो. म्हातारीने काय केले होते? काही नाही. ती सर्वांत खाली उभी होती.

शेवटी एक विषय आपल्या घरचा. भक्तीच्या नावाने होणारा घात. रजा न टाकता वारीला निघून जायचे आणि म्हणायचे, पांडुरंग पाहून घेईल. सोबत्याला दोन पाळ्या कराव्या लागतात, त्याचे मूल घरी आजारी असते, ते पांडुरंगानेच पाहायचे! असले लोक सेना महाराजांचा दाखला देतात, की ते पूजेत होते आणि देव धोकटी घेऊन राजाची सेवा करून आला. अहो, पण सेना महाराजांनी देवावर पाळी टाकली नव्हती. ते कळले तेव्हा आपल्यामुळे देवाला श्रम पडले म्हणून त्यांना हळहळ वाटली, असे आपण कीर्तनात सांगतो ना? मग महिपतीबोवांचे उदाहरण घ्या. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे ते कुलकर्णी. पूजेत असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला, उठवून घेऊन गेला. परत आल्यावर त्यांनी ठरवले की ही लेखणी आता दुसऱ्याच्या चाकरीला नाही. कुलकर्णीपण चालू ठेवून काम बिघडवले नाही, पगार घेऊन पोथी लिहिली नाही. एक सोडले आणि दुसरे धरले. आपल्याला सोडणे जमत नसेल, पोरेबाळे आहेत, तर मग रजेचा अर्ज वेळेवर द्यावा आणि हात जोडून सोबत्याला विचारावे. मोठ्या एकादशीला पाळी आली तर ती करावी. त्या दिवशी कामावर उभ्या राहिलेल्याला पांडुरंग विचारणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी पांडुरंग स्वतः विटेवर किती वर्षे उभा आहे ते मोजावे.

फडकरी आणि दिंडीचालक यांना माझी एक विनंती आहे. नोकरदारांच्या वस्तीत, कळंबोली असो, कामोठे असो, भोसरी असो, महिन्याच्या एकादशीचे भजन झाल्यावर अर्धा तास ठेवावा. व्याख्यान नको. ज्याला पैशाची अडचण आहे, ज्याचा पगार अडकला आहे, ज्याच्या मागे व्याजवाले लागले आहेत, त्याने एका वडीलधाऱ्या माणसापाशी एकांतात बोलावे, आणि ऐकणाऱ्याने ते कानाआड ठेवावे. दुसऱ्या दिवशी कीर्तनात दृष्टांत म्हणून वापरू नये. हा रोग आम्हा कीर्तनकारांत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. पगार अडकलेल्याला कामगार आयुक्तांच्या कचेरीचा रस्ता दाखवावा, अर्ज लिहून द्यावा. लिहिता येणारी पोरे आज घरोघर आहेत.

आणि एखादा येऊन म्हणाला, "माझ्या हातून घडून गेलं आहे, अजून कोणाला कळलेलं नाही," तर त्याला प्रायश्चित्त म्हणून पारायण सांगू नये. पारायण पुढे करता येईल. आधी रक्कम किती ते कागदावर लिहायला लावावे, जमेल तेवढी गोळा करायला लावावी, आणि मालकाकडे किंवा साहेबाकडे त्याला पाठवावे. नोकरी जाईल, कदाचित पोलिसही येतील, हे त्याला आधी सांगावे. फसवून पाठवू नये. एकट्याला पाय उचलत नाहीत, म्हणून दिंडीतल्या एकाने बरोबर जावे. आत त्यानेच बोलायचे. सोबत्याने दाराशी थांबावे, आणि तो बाहेर आला की, काय झाले हे लगेच न विचारता, त्याला घेऊन समोरच्या टपरीवर चहा प्यावा.